बंद राहणाऱ्या घरासाठी वायरलेस अलार्म: कुठला घ्यावा आणि आधी काय तपासावं

प्रश्न ठाण्यात राहणाऱ्या एका गृहस्थांचा आहे. साताऱ्याला लागून त्यांच्या आई-वडिलांचा बंगला आहे, तळमजला आणि वर एक मजला. दोघांनीही सत्तरी ओलांडलेली. दिवाळीनंतर आणि मे महिन्यात मिळून वर्षातले दोन-अडीच महिने ते मुलाकडे ठाण्याला येतात, तेव्हा घराला कुलूप असतं. गेल्या दिवाळीत त्याच गल्लीतल्या एका बंद घराचा कडी-कोयंडा उचकटून चोरी झाली. घराला नुकताच रंग दिलाय, त्यामुळे भिंती फोडायच्या नाहीत आणि पट्टी फिटिंगही नको, म्हणून वायरलेस. ऑनलाइन पाच-सहा हजारांचा संच त्यांनी पाहून ठेवलाय: एक पॅनेल (सगळ्या सेन्सरांचे सिग्नल घेणारा मुख्य डबा), दोन मोशन सेन्सर (हालचाल ओळखणारे), चार दाराचे सेन्सर, दोन रिमोट, एक सायरन. बजेट मात्र पंचवीस हजारांपर्यंत आहे. घरात मांजर आहे. जिओचं सिम चालेल का, आणि अलार्मऐवजी सरळ कॅमेरेच लावले तर काय, असंही त्यांनी विचारलंय.

अलार्म आणि कॅमेरे बसवायचं काम मी बरीच वर्षं करतोय, बहुतेक सातारा, कराड, वाई याच भागात. त्यामुळे अशी घरं माझ्या पायाखालची आहेत. पण तुमचं घर मी पाहिलेलं नाही. मागचं दार लाकडी की लोखंडी, गच्चीवर बाहेरून जिना आहे का, शेजारी किती लांब, यावर खालच्या काही गोष्टी बदलतील. तिथे तिथे सांगतोच.

तुम्ही विचारलंय कुठला अलार्म घेऊ. मी तुमच्या जागी असतो तर आधी असं विचारलं असतं: घर पाच तासांवर, दोन महिने बंद, आणि अलार्म एकदाही वाजला नाही. म्हणजे सगळं ठीक आहे, की सेल उतरलेत, सिमची मुदत संपलीय, पॅनेल कधीच बंद पडलंय? ठाण्यात बसून या दोन्ही गोष्टी सारख्याच दिसतात. रोज माणसं असलेल्या घरात हा प्रश्न फारसा येत नाही, कारण बिघाड कुणाच्या तरी नजरेला पडतो. तुमच्याकडे नजरच नाही. म्हणून तुमच्यासाठी निवडीची पहिली कसोटी अशी की यंत्रणा स्वतः बंद पडली तर तिने तुम्हाला ते कळवलं पाहिजे. किती सेन्सर, किती डेसिबल, ॲप कसं दिसतं, हे सगळं त्याच्यानंतर.

तुम्ही पाहिलेला संच इथेच अडकतो. या किमतीतले सेन्सर बहुतेक ४३३ मेगाहर्ट्झवर चालतात आणि त्यांना फक्त बोलता येतं, ऐकता येत नाही. दार उघडलं की सेन्सर आपला क्रमांक हवेत भराभर काही वेळा पाठवतो आणि पुन्हा झोपतो. पॅनेलपर्यंत तो पोचला का, हे त्याला कळत नाही. उलट पॅनेललाही सेन्सर जिवंत आहे की नाही हे विचारता येत नाही. सेल उतरायला लागला की सेन्सरवरचा बारीक लाल दिवा लुकलुकतो म्हणे. कुलूपबंद घरात तो बघणार कोण?

या सेन्सरांत बहुधा ईव्ही१५२७ जातीची चिप असते. तिचा क्रमांक २० बिटांचा, म्हणजे साधारण १० लाख शक्यतांपैकी एक, आणि तो कधीच बदलत नाही. रिमोटचंही तसंच. हा सिग्नल पकडून पुन्हा सोडला की अलार्म बंद करता येतो, असे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. ते खोटे नाहीत. पण आपल्याकडचा घरफोड्या रेडिओ घेऊन येत नाही, कटावणी घेऊन येतो. त्यामुळे या धोक्याला मी फार महत्त्व देत नाही. उतरलेला सेल हा त्याच्यापेक्षा कितीतरी मोठा धोका आहे.

याच्या वरच्या वर्गातल्या यंत्रणा दुतर्फा बोलतात. सेन्सर ठरावीक वेळाने पॅनेलकडे हजेरी लावतो. हजेरी चुकली की पॅनेल तुमच्या मोबाइलवर कळवतं की मागच्या दाराचा सेन्सर सापडत नाही. पॅनेलचीही हजेरी कंपनीचा सर्व्हर घेत असतो, म्हणजे अख्खं पॅनेल मेलं तरी सूचना येते. सेलची पातळी ॲपमध्ये दिसते. कोड दर वेळी बदलतो, आणि कुणी मुद्दाम सिग्नल दाबायचा प्रयत्न केला तर चांगलं पॅनेल तेही ओळखतं. युरोपात या सगळ्यासाठी ईएन ५०१३१ नावाचं मानक आहे, त्यात १ ते ४ अशा श्रेणी आहेत. घरासाठी श्रेणी २ भरपूर झाली. खोक्यावर किंवा माहितीपत्रकात हे लिहिलेलं असलं तर अर्धं काम झालं.

लिहिलेलं नसलं तर दुकानातच परीक्षा घ्या. चालू यंत्रणेतल्या एका सेन्सरचा सेल काढायला सांगा आणि पॅनेल त्याची तक्रार कधी करतं ते विचारा. काही यंत्रणा काही मिनिटांत सांगतात, काही तासांनी, काही कधीच नाही. मग सेन्सरचं झाकण उघडायला लावा. अलार्म चालू नसतानाही छेडछाडीची सूचना यायला हवी. शेवटी पॅनेलचा प्लग काढा आणि वीज गेल्याचा संदेश मोबाइलवर येतो का पाहा. हे करताना विक्रेता कुरकुरला तर त्याच्याकडून घेऊ नका. पुढे बिघाड झाला की त्याच माणसाला बोलवायचंय.

अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून संच मागवायचा विचार असेल तर तो सोडा. तिथले बरेच संच ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात. आपल्याकडे ८९० ते ९१५ हा मोबाइलचा पट्टा आहे, हँडसेटकडून टॉवरकडे जाणारा. भारतात अशा छोट्या उपकरणांना विनापरवाना मोकळे असलेले पट्टे म्हणजे ४३३ ते ४३४, ८६५ ते ८६८ आणि वाय-फायचा २.४ गिगाहर्ट्झ. इथे अधिकृतपणे विकल्या जाणाऱ्या मॉडेलला दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसी शाखेची मान्यता असते, तिला ईटीए म्हणतात. विक्रेत्याला तेवढं एक विचारून घ्या.

आता सेन्सर कुठे लावायचे. परदेशी संचांत खिडक्यांसाठी भरपूर सेन्सर देतात, कारण तिथे खिडकी उघडून माणूस आत येतो. आपल्याकडे खिडकीला लोखंडी ग्रिल असतं, आणि पेपरातली कुठलीही घरफोडीची बातमी घ्या, कडी-कोयंडा तोडला किंवा मागच्या दाराने शिरले, बहुतेक हेच असतं. गज वाकवून आत आल्याच्या घटनाही होतात, पण त्यासाठी प्रत्येक खिडकीला सेन्सर लावत बसण्यापेक्षा आतल्या वाटेवर एक मोशन सेन्सर पुरतो. कुठल्याही खोलीतून शिरला तरी चोराला पॅसेजमधून किंवा जिन्यावरून जावंच लागतं, कारण कपाट बेडरूममध्ये असतं.

तर दारं तीन धरू: पुढचं सेफ्टी डोअर, मागचं दार आणि गच्चीचं दार. गच्चीचं दार लोक हमखास विसरतात. ते बहुतेक पत्र्याचं किंवा साध्या फ्लशचं असतं, आतून एक कडी, आणि शेजारच्या गच्चीवरून किंवा पाइपावरून तिथे पोचता येतं. मला घरात एकच सेन्सर लावायची परवानगी दिली तर मी तो पुढच्या दाराला लावणार नाही. पुढचं दार गल्लीला दिसतं, मागचं आणि गच्चीचं दिसत नाही.

दाराच्या सेन्सरमध्ये दोन तुकडे असतात. चौकटीवर रीड स्विचचा (चुंबक जवळ आहे की दूर गेला, हे ओळखणारा), दारावर चुंबकाचा. दोन्हींत सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरपेक्षा जास्त फट नको. इथे तीन अडचणी येतात. एक, सेफ्टी डोअर लोखंडी असतं आणि लोखंड चुंबकाची ताकद खातं. खोक्यावर दोन सेंटिमीटर लिहिलं असलं तरी लोखंडावर त्याच्या निम्म्याला स्विच सोडतो आणि वारा आला की अलार्म वाजतो. अशा ठिकाणी चुंबकाखाली लाकडाचा किंवा ॲक्रिलिकचा तुकडा घालून त्याला लोखंडापासून वर उचलायचं, किंवा लोखंडी दारासाठीचा जड चुंबक मागवायचा. दोन, लाकडी दार पावसाळ्यात फुगतं आणि उन्हाळ्यात आक्रसतं. मे महिन्यात काटेकोर बसवलेला सेन्सर जुलैत घासतो, म्हणून थोडी मोकळीक ठेवूनच बसवायचा. तीन, संचाबरोबर येणारी दुहेरी चिकटपट्टी. तुमच्याकडे ताजा रंग आहे. डिस्टेंपरवर ती पट्टी रंगाला चिकटते, भिंतीला नाही, आणि काही दिवसांनी रंगाच्या पापुद्र्यासकट सेन्सर खाली येतो. स्क्रूच मारा. चार बारीक भोकं पडतील, तेवढी सोसा.

मागच्या दाराला नुसता चुंबकाचा सेन्सर न लावता कंपन ओळखणारा घ्या. काही कंपन्यांकडे दोन्ही एकत्र मिळतात. कारण साधं आहे. चुंबकाचा सेन्सर दार उघडल्यावर ओरडतो, कंपनाचा कटावणी लागली की ओरडतो. चोर बाहेर असतानाच सायरन वाजला तर तो बहुधा निघून जातो. आत शिरल्यावर वाजला तर हाताला लागेल ते उचलून जातो. या सेन्सरची संवेदनशीलता मात्र जागेवर जुळवावी लागते. रस्त्यावरून ट्रॅक्टर-ट्रॉली गेली की वाजायला नको, आणि दारावर मुठीने जोरात मारलं तर वाजायला हवा. ऊसतोडीच्या दिवसांत रस्त्यालगतच्या घरी जाऊन मी हे पुन्हा एकदा तपासतो.

मोशन सेन्सर, ज्याला आम्ही पीआयआर म्हणतो, याबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. तो चित्र पाहत नाही. समोरच्या पांढऱ्या भिंगामुळे खोलीचे पंख्यासारखे पट्टे पडतात आणि एका पट्ट्यातून दुसऱ्यात गरम वस्तू सरकली की त्याला कळतं. यावरून चार गोष्टी निघतात. माणूस आडवा गेला तर तो चटकन पकडतो, सरळ त्याच्याकडे चालत आला तर उशिरा. म्हणून दाराच्या अगदी समोर लावू नका, येणारा आडवा कापला जाईल अशा कोपऱ्यात लावा. काचेतून त्याला उष्णता दिसत नाही, म्हणून काचेच्या आतून बाहेरचा पोर्च राखता येत नाही. उन्हाची तिरीप थेट पडते तिथे तो फसतो, त्यामुळे पश्चिमेच्या खिडकीकडे तोंड नको. आणि बंद खोली शरीराइतकी तापली की माणूस त्याला भिंतीपासून वेगळा दिसत नाही. साताऱ्यात हे फार होत नाही, पण अकोला-चंद्रपूरच्या मे महिन्यात होतं. चांगल्या सेन्सरमध्ये तापमानानुसार जुळवून घेण्याची सोय असते, तिकडच्यांनी ती पाहूनच घ्यावा. उंची साधारण सात ते साडेसात फूट. वर छताला चिकटवला तर पायाखालचं दिसत नाही.

खोट्या अलार्मचं आपल्याकडचं पहिलं कारण मात्र पाल. पाल थंड रक्ताची, तिच्याने काय होणार, असं लोक म्हणतात. लांबून काहीच होत नाही. पण ती भिंगावरूनच चालत गेली की एका क्षणात सगळे पट्टे झाकते-उघडते, आणि तेवढा फरक पुरतो. रात्री सेन्सरच्या दिव्याला किडे येतात, किड्यांमागे पाल. तो दिवा सेटिंगमधून बंद करता येतो, चाचणी झाली की करून टाका. दुसरं कारण मुंग्या. सहा महिने बंद असलेल्या सेन्सरचं झाकण काढलं की आत मुंग्यांची पांढरी अंडी आणि मातीचा भुगा सापडतो, थेट सर्किटवर. पाठीमागच्या ज्या भोकांतून स्क्रू जात नाहीत ती सिलिकॉनने बुजवायची. पाच मिनिटांचं काम आहे, पण सांगितल्याशिवाय कुणी करत नाही. तुमच्यासमोर करून घ्या.

मांजराचं काय? खोक्यावर '२० किलोपर्यंतच्या प्राण्याला वाजणार नाही' असं लिहिलेलं असतं. ते प्राणी जमिनीवर चालतोय असं धरून असतं. मांजर फ्रिजवर, कपाटावर, जिन्याच्या कठड्यावर चढतं, आणि सेन्सरच्या जवळ आलेलं तीन किलोचं मांजर त्याला माणसाएवढं दिसतं. पण आधी सांगा, घर बंद असताना मांजर आत असतं का? नसणारच, ते शेजारी किंवा अंगणात असेल. मग पूर्ण बंद घराच्या वेळी ही अडचणच नाही. अडचण येते ती आई-वडील घरात असताना, रात्री. तेव्हा 'होम' मोडमध्ये फक्त तीन दारं जागती ठेवायची, आतले मोशन सेन्सर झोपवायचे. मांजराने रात्रभर कुठेही हिंडावं. यासाठी प्राण्यांना न वाजणारा महागडा सेन्सर घ्यायची गरज नाही.

आई-वडिलांच्या सोयीचा मुद्दा मी तांत्रिक बाबींइतकाच वर ठेवतो, कारण अलार्म वापरात राहतो की नाही हे तेच ठरवतात. ॲप तुमच्यासाठी. त्यांच्यासाठी मोठ्या बटणांचा रिमोट, किल्ल्यांच्या जुडग्यात. आत आल्यावर अलार्म बंद करायला मिळणारा वेळ कारखान्यातून बहुधा ३० सेकंदांवर लावून येतो. पिशव्या खाली ठेवून, चष्मा शोधून, बटण दाबायला तो पुरत नाही. ४५ ते ६० करा. एक पॅनिक बटण वडिलांच्या पलंगाशी, जे अलार्म बंद असतानाही चालेल. ते बाथरूममध्ये पडल्यावरही कामाला येतं, म्हणून पाण्याचं शिंतोडं चालणारं मिळालं तर एक तिथेही लावा. दोन-तीनदा विनाकारण सायरन वाजला की म्हातारी माणसं घाबरून तो लावायचंच सोडतात, आणि शेजारीही उठायचे बंद होतात. म्हणून कमी पण पक्के सेन्सर, हे माझं धोरण.

सिमबद्दल. जिओकडे २जी नाहीच. स्वस्त पॅनेलमधलं मॉडेम बहुतेक फक्त २जी असतं, त्यात जिओचं सिम टाकलं तर ते नेटवर्कच पकडणार नाही. तिथे एअरटेल, व्हीआय किंवा बीएसएनएल लागतं. ४जी पॅनेल असेल तर जिओ चालतं, पण एक नीट विचारा: त्या पॅनेलवरून व्होल्टीई कॉल (४जीवरून जाणारा साधा फोन कॉल) जातो का, की फक्त डेटा? रात्री दोनला ॲपची टुंग कुणी ऐकत नाही, फोनची घंटा ऐकतो. म्हणून कॉल करणारं पॅनेलच घ्या. आणि आत्ता हातात असलेला जुना २जी संच चालू असला तरी नवीन घेताना ४जीच घ्या, २जीच्या भरवशावर आता दहा वर्षांची खरेदी करू नये.

सिम तुमच्या नावावर घ्या, त्याचा पिन काढून टाका, आणि मुदतीचं रिचार्ज तुमच्याकडे ठेवा. बंद पडलेल्या जीएसएम, म्हणजे सिमवर चालणाऱ्या, पॅनेलकडे मला बोलावतात तेव्हा मी आधी सिमच पाहतो. दूरसंचार नियामक ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसची व्हाउचर द्यायला लावली आणि अशा व्हाउचरची मुदत ३६५ दिवसांपर्यंत वाढवली. अलार्मसाठी हे सोयीचं आहे, वर्षाचं एकदाच मारा. पॅनेल सिमवरून इंटरनेटही वापरणार असेल तर मात्र थोड्या डेटाचा प्लॅन लागेल. घरात वाय-फाय असलं तर ते मुख्य आणि सिम पर्यायी, अशी जोडणी सगळ्यात बरी.

वाय-फायवरून विजेकडे येतो, कारण इथे आपली एक सवय आड येते. गावाला जाताना आपण मेन स्विच बंद करतो. आई-वडीलही करत असतील. मेन बंद, इन्व्हर्टर बंद, राउटर बंद, आणि पॅनेल आतल्या बॅटरीवर. ती सहसा काही तास चालते, फार तर एखादा दिवस. म्हणजे तुमची गाडी खंबाटकी घाटाच्या अलीकडे असते तेव्हापासून अलार्मचं उलट मोजणं सुरू. वायरमनला सांगून पॅनेल आणि राउटरसाठी वेगळा एमसीबी करून घ्या आणि त्यावर 'बंद करू नये' असं मोठ्या अक्षरांत लिहा. बाकी सगळं घर बंद करता येईल. मीटरची पेटी बाहेर पोर्चमध्ये असेल तर चोरालाही वीज तोडता येते, म्हणून वीज गेल्याचा संदेश येणारं पॅनेल हवं. त्या संदेशावर लगेच घाबरू नका, महावितरणचीही कृपा असते. शेजाऱ्यांना फोन करून त्यांच्याकडे लाइट आहे का एवढं विचारा. त्यांच्याकडे असेल आणि तुमच्याकडे नसेल, तर मात्र कुणाला तरी पाठवा.

पॅनेल कुठे ठेवायचं? हॉलमध्ये टीव्हीशेजारी नको, तिथे चोराच्या पहिल्याच नजरेला पडतं. लपवायचं म्हणून लोखंडी कपाटातही नको. पत्र्याच्या कपाटात रेडिओ गुदमरतो. वरच्या मजल्यावर जिन्याच्या तोंडाशी, घराच्या मधोमध, ही जागा सहसा चांगली. खोक्यावरचे '१०० मीटर' उघड्या मैदानातले असतात. मधे एक आरसीसी स्लॅब आणि दोन भिंती आल्या की ते फार कमी होतं, आणि वाईतल्या जुन्या वाड्यांच्या दीड-दोन फुटी दगडी भिंतींत आणखी. तुमचा बंगला विटांचा असेल तर चिंता नाही, तरी भोकं पाडायच्या आधी प्रत्येक सेन्सर हातात धरून त्या त्या जागी सिग्नल तपासून घ्यायचा.

सायरन दोन. संचातला छोटा घरात, आणि एक बाहेरचा, स्वतःच्या बॅटरीचा, स्लॅबखाली हात पोचणार नाही इतक्या उंचीवर. आतला चोराला अस्वस्थ करतो, बाहेरचा गल्लीला उठवतो. गल्ली उठून काय करणार, हे मात्र आधी ठरवायला हवं. आपल्याकडे घरच्या अलार्मवर पोलीस आपोआप येत नाहीत, कुणीतरी फोन करावा लागतो. पॅनेलमध्ये ११२ टाकून रेकॉर्ड केलेला संदेश पाठवायचा प्रकार करू नका, एक पाल पोलिसांना धावडवेल. क्रम असा ठेवा: पहिला कॉल तुम्हाला, दुसरा समोरच्या घरातल्या विश्वासाच्या माणसाला, तिसरा जवळच्या नातेवाइकाला. शेजाऱ्यांनी आपल्याच गॅलरीतून दिवे लावायचे, आरडाओरडा करायचा आणि ११२ ला फोन करायचा. आत जायचं नाही. हे त्यांना तोंडी सांगा, चहा प्यायला बोलावून सायरन एकदा ऐकवा. आणि निघण्याआधी जवळच्या पोलीस ठाण्यात घर बंद असल्याचं कळवा, सुट्ट्यांच्या दिवसांत पोलीस स्वतःच तसं आवाहन करतात.

कॅमेरे की अलार्म? दूरच्या बंद घराला आधी अलार्म. कॅमेरा बहुतेक वेळा काय झालं ते नंतर दाखवतो, तोंडाला रुमाल बांधलेला माणूस दिसतो, आणि कित्येकदा जाताना तो डीव्हीआरच, म्हणजे रेकॉर्डिंगचा डबाच, उचलून नेतो. पण एक कॅमेरा जरूर लावा, आत पॅसेजकडे तोंड करून, मेमरी कार्डाचा, वाय-फायवरचा. अलार्म वाजला की ठाण्यातून उघडून बघायचं, माणूस आहे की पाल. त्याच्यासाठी फार पैसे घालवायची गरज नाही.

पैशांचं गणित मांडतो. दुतर्फा बोलणारं ४जी पॅनेल, दारांचे तीन सेन्सर (त्यातला मागचा कंपनाचा), दोन मोशन सेन्सर, एक जिन्याच्या पायथ्याशी आणि एक वरच्या पॅसेजमध्ये, बाहेरचा सायरन, दोन रिमोट, एक पॅनिक बटण. नामांकित युरोपीय कंपनीचं घेतलं तर हे पंचवीस हजारांत बसणार नाही, भारतात बनणाऱ्या किंवा मधल्या वर्गातल्या कंपनीचं घासाघीस करून बसेल. बसलं नाही तर कपात सेन्सरांच्या संख्येत करा, पॅनेलच्या दर्जात नको. सेन्सर पुढच्या वर्षी वाढवता येतो. कंपनीचं नाव मी मुद्दाम सांगत नाही, कारण साताऱ्यात आज कुणाचा माणूस दुरुस्तीला येतो यावर ते ठरतं. ऑनलाइन हजार-दोन हजार वाचतात, पण दुसऱ्याकडून घेतलेल्या संचाला इथला माणूस हात लावायला तयार होत नाही.

तुम्ही पाहिलेला पाच-सहा हजारांचा संच सरसकट वाईट नाही. ठाण्याच्या फ्लॅटमध्ये, जिथे रोज संध्याकाळी कुणीतरी घरी येतं आणि समोरच्या दारामागे माणसं असतात, तिथे तो बरा चालेल. सेल दर वर्षी ठरवून बदलायचे, एवढं पथ्य. सेल अल्कलाइन किंवा लिथियमचेच, घड्याळात घालतो ते साधे नकोत. ते पाझरतात आणि पावसाळ्यात पट्ट्यांवर हिरवी बुरशी धरते.

या सगळ्याच्या आधी दोन-तीन हजार दारांवर घाला. बाहेरून लटकणारं कुलूप ही घरात कुणी नसल्याची पाटीच असते. पुढच्या दाराला आतल्या आत बसणारं मॉर्टिस लॉक, मागच्या आणि गच्चीच्या दाराला आतून वर-खाली लोखंडी अडसर. अलार्म चोराला पळवतो, पण त्याला दार उघडायला पाच मिनिटं लागली तरच गल्लीला उठायला वेळ मिळतो.

शेवटी तारखेबद्दल एक सांगतो. यंत्रणा निघायच्या आदल्या दिवशी बसवून घेऊ नका. आई-वडील घरात असताना निदान तीन आठवडे ती चालू द्या. दार फुगणं, पाल, ट्रॅक्टर, रिमोटची सवय, जे काय निघायचं ते या दिवसांत निघतं आणि बसवणारा जवळच असतो. मागच्या दाराचा आणि गच्चीच्या दाराचा आतून-बाहेरून एकेक फोटो टाका, मीटरची पेटी कुठे आहे तेही लिहा. मग कुठला सेन्सर नेमका कुठे लावायचा ते सांगतो.